लॉस एंजेलिसच्या आधी केडगाव

ख्रिस्ती धर्मातल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा जन्म बहुतेक लेखक लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, एप्रिल १९०६ मध्ये मांडतात. त्याच्या नऊ-दहा महिने आधी दौंडच्या अलीकडच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे घडलं, ते तळटीपेत जातं. आपल्याकडे तर तेवढीही जागा नाही. आपल्या रमाबाई म्हणजे संस्कृतच्या पंडिता, विधवांचा आधार. धर्मांतरापाशी आपण जरा घुटमळतो आणि १९०५ पर्यंत पोहोचतच नाही.

‘पेंटेकॉस्ट’ म्हणजे पन्नासावा दिवस. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या दुसऱ्या अध्यायात त्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरतो आणि ते अन्य भाषा बोलू लागतात. सगळं भांडण या भाषांवरून झालं. कॅन्ससमधल्या टोपेका इथे चार्ल्स पारहॅमच्या बायबलशाळेत १ जानेवारी १९०१ रोजी अ‍ॅग्नेस ओझमन अशीच बोलू लागली. पारहॅमने त्यावरून सिद्धांतच केला : आत्म्याचा बाप्तिस्मा, म्हणजे पवित्र आत्मा आपल्यावर उतरणं, झाल्याचा पुरावा अन्य भाषा हाच, आणि त्या जगातल्या खऱ्याखुऱ्या भाषा. म्हणजे मिशनऱ्याने परदेशात जाऊन व्याकरण घोकायची गरजच उरली नाही!

त्याचा एक विद्यार्थी विल्यम सीमोर. आईबाप गुलामीतून सुटलेले. ह्यूस्टनमध्ये गोऱ्यांच्या वर्गात त्याला बसता येत नव्हतं, म्हणून तो दाराबाहेर बसून शिकला. हाच सीमोर अझुसा स्ट्रीटवरच्या, मधल्या काळात तबेला झालेल्या एका जुन्या चर्चमध्ये उपासना चालवू लागला. काळे, गोरे, मेक्सिकन एकाच फळीवर गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. १८ एप्रिलला शहरातल्या वर्तमानपत्राने त्यांची टर उडवली आणि योगायोग असा, की त्याच पहाटे सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरलं. ऑक्टोबरमध्ये गुरू पाहायला आला. काळे-गोरे असे सरमिसळ बसलेले पाहून तो संतापला, आणि गुरुशिष्यांचं तिथेच फाटलं.

केडगावची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. वेल्समध्ये १९०४ च्या अखेरीस मोठं संजीवन, म्हणजे श्रद्धा नव्याने पेटण्याची लाट, सुरू झालं होतं, पुढे वेल्श मिशनमार्फत खासी टेकड्यांतही. त्या बातम्या वाचून रमाबाईंनी जानेवारी १९०५ पासून प्रार्थनेचे गट केले. जूनपर्यंत साडेपाचशेच्या आसपास बायका दिवसातून दोनदा जमू लागल्या. यातल्या कितीतरी मुली १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास एक मुलगी अंगात आग भरल्यासारखी जागी झाली. शेजारी झोपलेली मुलगी पाण्याची बादली आणायला धावली. मग लक्षात आलं, जळत काहीच नव्हतं. त्यानंतर रडणं, पापं कबूल करणं, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणं असं महिनोन्‌महिने चाललं. अन्य भाषा मात्र १९०६ च्या शेवटाकडे आल्या. दौंडचे मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांनी तर लिहिलं, की इंग्रजी न येणारी एक मुलगी आपल्यासमोर इंग्रजीत प्रार्थना करत होती.

इतर मिशनऱ्यांना हा उन्माद वाटला. त्यावर रमाबाईंनी त्यांना विचारलं, आत्म्याने हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांत मोकळेपणाने काम का करू नये? इंग्रजी-अमेरिकन रीतीत न बसणारं ते सगळं सैतानाचंच का? या वादातला सर्वांत धारदार प्रश्न मला हाच वाटतो. पण त्यांनी पारहॅमची री ओढली नाही. अन्य भाषा हे एक दान, एकमेव पुरावा नव्हे, असं त्यांचं मत होतं. त्या स्वतः तशा बोलल्याची नोंद नाही.

पारहॅमच्या सिद्धांताची परीक्षाही हिंदुस्थानातच झाली. अझुसाहून आल्फ्रेड गार पत्नीसह १९०७ च्या सुरुवातीला कलकत्त्यात उतरला, तो आपल्याला बंगाली मिळाली आहे या खात्रीने. बंगाल्यांना त्यातलं काहीच कळेना. अशा भाषेत प्रवचन करता येणारा आपल्याला एकही माणूस ठाऊक नाही, हे त्याने पुढे कबूल केलं.

केडगावची ठिणगी मात्र लांब गेली. रमाबाईंच्या सहकारी मिनी अ‍ॅब्रम्स यांनी १९०६ मध्ये या संजीवनावर पुस्तिका लिहिली आणि एक प्रत चिलीतल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूव्हरला, पाठवली. तिचा नवरा विलिस हूव्हर वाल्पाराइसोत मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा पाळक होता. तिथे १९०९ मध्ये जागृती झाली, त्यावरून तो मेथडिस्टांतून बाहेर पडला, आणि चिलीतली पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. अझुसाचा त्यात हात नव्हता.

इकडे अमेरिकेत फुटीमागून फुटी. १९१४ मध्ये हॉट स्प्रिंग्जला ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ ही पेंटेकॉस्टल संघटना स्थापन झाली, ती बहुतांशी गोऱ्यांची. दोनच वर्षांत केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा द्यावा आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे त्रैक्य मानू नये म्हणणारे पाळक तिच्यातून बाहेर पडले. जर्मनीत तर १९०९ मध्येच बर्लिनच्या जाहीरनाम्याने ही चळवळ ‘वरून नव्हे, खालून’, म्हणजे सैतानाकडून, आल्याचं ठरवून टाकलं होतं. सीमोरने १९१५ पर्यंत अन्य भाषांना एकमेव पुरावा मानणं सोडलं होतं. तो रमाबाईंच्या मताजवळ आला होता. दोघांचाही मृत्यू १९२२ मध्येच झाला. ज्यांच्या घरात मुली न शिकलेल्या भाषा बोलत होत्या, त्या रमाबाई त्या सगळ्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून, शब्दकोश उघडून, बायबल साध्या मराठीत आणत बसल्या होत्या. भाषांतर मृत्यूच्या अगदी तोंडावर पुरं झालं. छापलं मुक्तीच्याच छापखान्यात.