प्रत्यारोपित आतड्यातील तीव्र रिजेक्शनचे बायोप्सीद्वारे निदान

प्रत्यारोपित लहान आतड्यावर रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला, म्हणजे तीव्र (अ‍ॅक्यूट, अल्पावधीत उद्भवणारे) रिजेक्शन, ओळखण्यासाठी आतड्याच्या अस्तराचे तुकडे काढून (बायोप्सी) सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मूत्रपिंडाच्या बाबतीत रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढले की डॉक्टर सावध होतात. आतड्यासाठी रक्ताची तितकी भरवशाची चाचणी नाही. रक्तातले सिट्रुलिन (आतड्याच्या अस्तरात तयार होणारे अमिनो आम्ल) घटले तर अस्तराला इजा झाल्याचे कळते, पण ती कशाने हे कळत नाही. शिवाय आतड्यात लिम्फॉइड (प्रतिकारशक्तीच्या) पेशी भरपूर असल्याने तिथे रिजेक्शनचे प्रमाणही जास्त.

प्रत्यारोपणाच्या वेळी बहुधा पोटावर स्टोमा, म्हणजे आतड्याचे बाहेर उघडणारे तोंड, ठेवतात. त्यातून एंडोस्कोप (कॅमेऱ्याची लवचीक नळी) सहज आत जातो आणि सुरुवातीच्या आठवड्यांत तुकडे वारंवार घेता येतात. इजा ठिगळाठिगळांनी पसरत असल्याने एक तुकडा पुरत नाही.

निदानाचा गाभा क्रिप्टमध्ये असतो. अस्तराच्या तळाशी असलेल्या या सूक्ष्म नळीसारख्या ग्रंथींत मरणाऱ्या पेशींचे तुकडे, म्हणजे अ‍ॅपॉप्टोटिक बॉडीज, मोजतात. आतडे प्रत्यारोपणावरच्या 2003 च्या मायामी परिषदेतून आलेल्या निकषांनुसार सलग 10 क्रिप्टमध्ये साधारण 6 पेक्षा जास्त बॉडीज, सोबत लिम्फोसाइट्सची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) गर्दी आणि क्रिप्टच्या पेशींना इजा असेल तर सौम्य रिजेक्शन धरतात. मध्यम अवस्थेत क्रिप्ट नाहीसे होऊ लागतात. तीव्रतम अवस्थेत व्रण पडतात, आणि तिथे मोजणीच निरर्थक ठरते: मोजायला क्रिप्टच उरलेले नसतात.

मात्र आकडा एकट्याने फसवतो. सायटोमेगॅलोव्हायरस व अ‍ॅडिनोव्हायरस हे विषाणू आणि मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषधसुद्धा अ‍ॅपॉप्टोसिस, म्हणजे पेशींचे असे मरणे, वाढवतात. रिजेक्शनमध्ये स्टेरॉइडचा मोठा डोस देतात, तर विषाणूसंसर्गात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बहुधा कमी करावी लागतात. उपचार असे उलट दिशांचे असल्याने विषाणूंसाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (तुकड्यातले विषाणू प्रतिपिंडांनी रंगवून दाखवणारी चाचणी) केल्याशिवाय घाई करू नये.

नागपुरात अवयवदानाचे काम विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीमार्फत चालते. आतड्याचे प्रत्यारोपण मात्र देशातल्या मोजक्याच केंद्रांत होते, त्यामुळे बाहेरगावी प्रत्यारोपण करून परतलेल्या वैदर्भीय रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा स्थानिक डॉक्टरांपुढेच येणार. स्टोमातून पाणी जास्त येऊ लागले की उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात ‘गॅस्ट्रो झाला असेल’ म्हणणे सोपे असते, पण रिजेक्शनचेही तेच लक्षण आहे. टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाच्या रक्तातील पातळीवरही पूर्ण विसंबता येत नाही, कारण जुलाबात ती उलट वाढू शकते. तुकडा काढताच 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) टाकावा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना कोरडा राहिलेला तुकडा लवकर खराब होतो आणि क्रिप्टच्या पेशी ओळखू येत नाहीत. स्लाइड्स प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवल्यास आधीच्या बायोप्सींशी तुलना होते. अहवाल निर्दोष आला आणि तरी जुलाब थांबले नाहीत, तर बायोप्सी पुन्हा, शक्यतो वेगळ्या जागेवरून घेतात.