‘चित्रशाळा’ म्हणजे नेमकी कोणती?

पुण्यातल्या चित्रकलेचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतो, “देशातली पहिली कलाशाळा शनिवारवाड्यात होती.” त्यावर दुसरा पुस्ती जोडतो, “म्हणजे आपली चित्रशाळा!” घोटाळा इथेच होतो. शनिवारवाड्यातली शाळा वेगळी आणि चित्रशाळा वेगळी. दोहोंमध्ये ऐंशीहून अधिक वर्षे आहेत, आणि एकीचा वारसा दुसरीकडे गेल्याचा कोणताही दुवा नाही.

पेशव्यांच्या वाड्यांतली भित्तिचित्रे, त्यांसाठी आणवलेले चितारी, वाड्यांच्या दिवाणखान्यांतला थाट हे वाचकांना ठाऊक आहे. त्यातले पुण्यात पाहायला फारसे उरले नाही, कारण १८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळाला. त्या काळच्या भिंती पाहायच्या तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात जावे लागते.

आता त्या शाळेविषयी. चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, १७८६ पासून पुणे दरबारी होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची तैलचित्रे केली. पेशव्यांनी वाड्यात जागा दिली आणि तिथे पाश्चात्त्य पद्धतीने चित्र काढायला शिकवणे सुरू झाले. या शाळेतला नाव घेण्याजोगा विद्यार्थी म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि वर्ष सरता सरता वेल्सही वारला. दोन वर्षांनी मॅलेटने पुणे सोडले. तिघांच्या भरवशावर उभी असलेली शाळा त्यानंतर टिकणे कठीणच होते.

मद्रासची कलाशाळा १८५० ची, कलकत्त्याची १८५४ ची, मुंबईची १८५७ ची. तारखा मांडल्या की पुणे साठ वर्षांनी पुढे दिसते आणि पुणेकराची मान ताठ होते. पण तांबटांच्या कामाकडे जरा बारकाईने पाहावे. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे त्यांचे चित्र नोव्हेंबर १७९० चे आहे. तेव्हा वेल्सने हिंदुस्थानात पाऊलही ठेवले नव्हते. म्हणजे तांबट मॅलेटसाठी आधीपासूनच चित्रे काढत होते, आणि शाळेने त्यांना चित्रकार ‘घडवले’ हे म्हणणे सैल आहे. मॅलेटला वेरूळची लेणी मोजूनमापून काढणारे हात हवे होते. ते हात पुण्यात होतेच. वेल्सने त्यांना यथादर्शनाचे, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याचे, नवे गणित दिले, एवढे म्हणता येते. चित्रे मॅलेटबरोबर विलायतेला गेली आणि आज तांबटांचे बरेचसे काम अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. ज्या शाळेचा आपण अभिमान धरतो, तिच्या एकुलत्या नामवंत विद्यार्थ्याची चित्रे पाहायला पुण्याबाहेर, खरे तर समुद्रापार जावे लागते. म्हणून ‘पहिला वर्ग’ म्हणावे, ‘पहिली कलाशाळा’ म्हणू नये, असे माझे मत आहे. ते सगळ्यांना पटत नाही.

त्याच काळातले पुण्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे पेशव्यांच्या दरबारात १७९० मध्ये झालेल्या तहाचे. ते लंडनमध्ये आहे. थॉमस डॅनियलने ते १८०५ मध्ये पूर्ण केले, वेल्सच्या मागे राहिलेल्या रेखाटनांवरून. गंमत अशी की या दोघांपैकी एकानेही तो दरबार पाहिला नव्हता. पेशवे दरबाराचे ‘आंखो देखा’ चित्र म्हणून पाठ्यपुस्तकांत आणि दिवाळी अंकांत ते छापताना हे कोणी सांगत नाही.

गोंधळाचे दुसरे मूळ ‘शाळा’ या शब्दात आहे. मराठीत शाळा म्हणजे मुळात जागा: धर्मशाळा, गोशाळा, पाकशाळा, व्यायामशाळा. टांकसाळीतली ‘साळ’ही तीच. पाठशाळेतला ‘पाठ’ गळून पडला आणि नुसती शाळा मुलांची झाली. संस्कृत नाटकांतली राणी चित्रशाळेत जाते ती चित्रे पाहायला, शिकायला नव्हे. तेव्हा चित्रशाळा म्हणजे चित्रांचे दालन, चित्रे शिकण्याची जागा आणि चित्रे छापण्याचा कारखाना, असे तिन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबले गेले. पुण्यात खरा रुजला तो तिसरा.

ती चित्रशाळा १८७८ ची. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेला हा छापखाना. ‘निबंधमाला’ १८७४ पासून चालू होती, न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघाले, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ मध्ये. या सगळ्या उद्योगांत चित्रांचा छापखाना कोठे बसतो, असा प्रश्न पडतो. निबंध वाचणारे थोडे होते, चित्र भिंतीवर लावणारे अगणित. घरोघर विलायती तसबिरी लागत होत्या. त्यांच्या जागी आपले देव आणि आपले पुरुष लागावेत, हा हिशेब होता. १८७८ मध्येच कलकत्त्यातही असाच स्टुडिओ निघाला, म्हणजे हवा देशभर तशी होती. शास्त्रीबुवा १८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. पुढे वासुकाका जोशी यांनी छापखाना नावारूपाला आणला.

शिळाछापाचे काम सोपे नव्हते. जर्मनीतून येणारा चुनखडीचा घोटलेला दगड, त्यावर मेणट खडूने किंवा शाईने उलटे काढलेले चित्र, वरून पाण्याचा हात. मग शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त मेणट रेघांना धरते, ओला दगड तिला झिडकारतो. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड निराळा, आणि दरवेळी कागद नेमक्या त्याच खुणेवर बसला पाहिजे. आमच्या घरी पिढीजात एक रामपंचायतन आहे. सीतेच्या साडीचा हिरवा रंग काठाबाहेर केसभर सांडला आहे, मारुतीचा शेंदरी मात्र अचूक. कोणत्या छापखान्याचे ते सांगता येत नाही, कारण चौकट बसवताना सुताराने खालची छापील ओळ कापून टाकली. जुन्या तसबिरींच्या अभ्यासाची निम्मी अडचण या सुतारांनी करून ठेवली आहे.

एकोणिसावे शतक सरताना राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईतून लोणावळ्याजवळ मळवलीला आला आणि घरोघरच्या भिंती त्याने जिंकल्या. तोही १९७२ मध्ये जळाला. चित्रशाळेने मात्र १९१० मध्ये ‘चित्रमय जगत’ हे मासिक सुरू केले. देवघरातल्या तसबिरीपासून छायाचित्रांच्या मासिकापर्यंतचा हा प्रवास माझ्या मते पुण्याच्या चित्रकलेच्या इतिहासाचा कणा आहे. कॅनव्हासवर रंगवलेल्या चित्रांच्या मानाने त्याच्याविषयी फार कमी लिहिले जाते.

छापलेले जपणाऱ्या ग्रंथालयांचे घराणे चित्रशाळेहून जुने. लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. त्याच वर्षी त्यांची ‘शतपत्रे’ छापून येऊ लागली आणि त्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली. लायब्ररीचा मुक्काम बुधवार वाड्यात होता. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबागवाडा या दोहोंना आग लावली गेली. विश्रामबाग सावरला, बुधवार वाडा गेला आणि त्याच्यासोबत पुस्तकेही. पुढे हीच संस्था नगर वाचन मंदिर झाली. नाव बदलताना ‘नेटिव्ह’ गेले हे बरे झाले. ‘लायब्ररी’ जाऊन ‘मंदिर’ आले, त्यावर हवा तितका वाद घालता येईल.

विसाव्या शतकाच्या आरंभी दहा वर्षांत पुण्याने संस्थांचा सपाटा लावला. भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० रोजी, मराठी ग्रंथालय १९११ मध्ये, भांडारकर प्राच्यविद्या संस्था ६ जुलै १९१७ रोजी. सरकारने १८६० च्या दशकापासून गोळा केलेली हस्तलिखिते डेक्कन कॉलेजातून या शेवटच्या संस्थेकडे आली. मंडळाकडे कागदपत्रांसोबत लघुचित्रेही जमली, पण ती पुरावा म्हणून. चित्र म्हणून त्यांच्याकडे पाहणारा अभ्यासक क्वचित. ५ जानेवारी २००४ रोजी प्राच्यविद्येच्या त्या इमारतीत जमाव घुसला आणि कपाटे फोडली गेली, तेव्हा १८७९ ची आठवण काढणारे थोडेच होते.

संग्रहालयाची कल्पना पुण्यात चित्रांसाठी आलीच नाही. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाचे संग्रहालय औद्योगिक होते. देशी कारागिरी आणि माल कोठे काय होतो ते दाखवावे, त्यातून उद्योग वाढावा, हा त्याचा हेतू. घोले रस्त्यावर महात्मा फुल्यांच्या नावाने आज उभे आहे ते हेच.

चित्रांना आणि घरगुती वस्तूंना एका छताखाली आणणारा माणूस चष्म्याच्या दुकानातला निघाला. दिनकर गंगाधर केळकर, कवी म्हणून ‘अज्ञातवासी’. अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, काचेवरची चित्रे, पैठणची चित्रकथी (गोष्ट सांगताना दाखवायची चित्रे) असे ते गावोगाव हिंडून जमवत गेले आणि संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून शुक्रवार पेठेत पुन्हा उभे केले तेही त्यांनीच. १९७५ मध्ये संग्रह राज्य सरकारकडे आला. वस्तू वीस हजारांवर, आणि मांडलेल्या सुमारे अडीच हजार. बाकीच्या बांधून ठेवल्या आहेत. बावधनच्या नव्या जागेची बोलणी सुरू होऊन बरीच वर्षे झाली.