कोब्याची घोटाई: थापीपासून चार पात्यांच्या मशीनपर्यंत

कोकणात जमीन घोटायची कला सिमेंटच्या कितीतरी आधीची. पाऊस सरला की दिवाळीच्या सुमारास खळं करायचं: माती खणायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायचं, मग शेणाने सारवायचं. माती ओली असताना घाई केली तर ती चोपण्याला चिकटते. सुकू दिली तर दबतच नाही.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिनने घेतलं. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४च्या सुमारास सिमेंट बाहेर पडू लागलं. हळूहळू चिऱ्याच्या घरांतही कोबा, म्हणजे सिमेंटची घोटलेली जमीन, आला. गवंडी उकिडवा बसून लाकडी रंध्याने पृष्ठभाग सारखा करी आणि मागे सरकत पोलादी थापीने घोटी. सुरुवातीला थापी जवळजवळ सपाट असे. कोबा आवळत, म्हणजे घट्ट होत, जाई तशी गवंडी तिची एक कड उचली आणि जोर वाढवी. हाताची ही चाल नीट पाहिली, तर आजच्या मशीनवर काय फिरवायचं आणि का, ते वेगळं शिकवावं लागत नाही.

कारखाने आणि गोदामांच्या मोठ्या जमिनींना उकिडव्या माणसाचा वेग पुरेना, तेव्हा इंजिनावर फिरणारी पाती आली. आपल्याकडे हे मशीन बहुतेकांना ट्रिमिक्सच्या कामातून ओळखीचं झालं. ट्रिमिक्स हे मूळ स्वीडिश कंपनीचं नाव. यात ताज्या काँक्रीटवर चटई अंथरून पंपाने जादा पाणी ओढून घेतात. मग आधी फ्लोटर, म्हणजे पृष्ठभाग सारखा करणारी मोठी सपाट तबकडी, नंतर पाती.

मशीनच्या मधल्या स्पायडरला, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या सांगाड्याला, चार हात आणि हातांना चार पाती. दांड्यावरची चकती फिरवली की तार ताणली जाते आणि चारही पाती एकदम तिरपी होतात. कोब्यावर बुटाचा ठसा साधारण ३ ते ६ मिलिमीटर उमटतो तेव्हा पहिला फेरा सपाट घ्यायचा. पाती आधीच उभी केली तर वरचा थर बंद होतो, खालचं पाणी आणि हवा अडकते आणि पुढे पापुद्रे सुटतात. आमच्या किनाऱ्यावर तर वेळ घड्याळाने ठरवताच येत नाही. पावसाळी दमटपणात कोबा आवळायला उशीर लावतो. एप्रिलच्या वाऱ्यात वरून सुकतो आणि आत मऊ राहतो.

मला सर्वात जास्त काळजी स्पायडरच्या हातांच्या उंचीची वाटते. एक हात वाकला किंवा त्याचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू ढिला झाला, की ते पातं एकट्याने जास्त खरवडतं, मशीन डुगडुगतं आणि कोब्यावर गोल चरे उमटतात. अशा वेळी नुसतं नवीन पातं बसवून भागत नाही. हात काढून जिगवर, म्हणजे मापाच्या साच्यावर, लावायचे आणि चारही एका पातळीत आणायचे. पाती बदलायची तर चारही एकदम, कारण झिजलेल्या तिघांत नवं एक पातं बसवलं तरी तोच डुगडुगाट राहतो.

बाकी शत्रू दोनच: वाळलेलं सिमेंट आणि खारी हवा. काम संपताच, सिमेंट ओलं असतानाच मशीन धुवायचं. इंजिन आणि एअर फिल्टरवर पाणी मारायचं नाही. मग हातांच्या खाचांत ग्रीस भरायचं. तार आणि बोल्टांना तेल, गिअरबॉक्समधल्या तेलाची पातळी आणि बेल्टचा ताण ही तपासणी जेटीजवळच्या कामांवर जास्त वेळा करावी लागते. तिथे तार गंजून अडकली की ऐन घोटाईत पाती उभी होत नाहीत, आणि कोबा कुणासाठी थांबत नाही.