सल्फेटच्या वेशातले क्रोमियम
‘क्रोमियम विषारी असते’ आणि ‘क्रोमियम शरीराला हवे असते’ ही दोन्ही विधाने सर्रास ऐकू येतात. ती करणाऱ्यांनी आधी सांगायला हवे, की ते कोणत्या क्रोमियमबद्दल बोलत आहेत.

पोटॅशियम डायक्रोमेट हा क्रोमियमचा नारिंगी-तांबड्या स्फटिकांचा क्षार ३९८ अंश सेल्सियसला वितळतो. तो हवेतला ओलावा धरत नाही, त्यामुळे त्याचे नेमके वजन करून अनुमापनासाठी (ज्ञात द्रावणाने दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजण्यासाठी) प्रमाण द्रावण बनवता येते. या द्रावणात आम्लारीचे दोन-चार थेंब टाकताच नारिंगी रंग पिवळा होतो, कारण डायक्रोमेटचे क्रोमेट बनते. आम्ल टाकले की पुन्हा नारिंगी. आम्लयुक्त द्रावणात अल्कोहोल घातले तर मात्र ते हिरवे पडते. क्रोमियमने अल्कोहोलकडून इलेक्ट्रॉन घेतलेले असतात आणि त्याची संयुजा (त्याने संयुगात गमावलेल्या इलेक्ट्रॉनांचा आकडा) ६ वरून ३ वर आलेली असते. मद्यपी चालकांचा श्वास तपासणाऱ्या जुन्या नळ्या याच रंगबदलावर चालत.

शरीरातही हेच घडते, फक्त भलत्या जागी. रक्ताच्या किंचित आम्लारीधर्मी द्रवात डायक्रोमेटचे क्रोमेट होते. मधोमध एक अणू, भोवती चार ऑक्सिजन आणि दोन ऋणभार, अशी क्रोमेटची ठेवण हुबेहूब सल्फेटसारखी असते, आणि पेशीला सल्फेट लागत असल्याने पेशीपटलातील वाहक प्रथिने क्रोमेटलाही आत घेतात. आत क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन हा पेशीतलाच एक रेणू त्याचे क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतात. वाटेत ५ आणि ४ संयुजेच्या अस्थिर अवस्था येतात, आणि शेवटी उरलेले ३ संयुजेचे क्रोमियम डीएनएला चिकटते; पेशीपटल ओलांडता येत नसल्याने ते तिथेच अडकून पडते. हेच क्षपण पेशीबाहेर, उदाहरणार्थ जठररसात, झाले तर ते आपले रक्षण करते. म्हणून श्वासातून जाणारी धूळ आणि तुषार अधिक घातक ठरतात: नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडते, फुप्फुसाचा कर्करोग होतो.

रक्तशर्करेवर उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतले क्रोमियम ३ संयुजेचे असते. ते त्या अर्थाने विषारी नाही, परंतु निरोगी माणसाला त्याचा लाभ होतो याचा खात्रीलायक पुरावा नसल्याचे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये नोंदवले आहे. जाहिरातीतले दावे मात्र ठाम असतात.

कातडी कमावताना ३ संयुजेचे क्रोमियम सल्फेट कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू एकमेकांशी बांधते, म्हणून ओले कातडे कुजत नाही. क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांत बहुधा ६ संयुजेचेच क्रोमियम वापरले जाते. तिथल्या सांडपाण्यात आधी आम्ल आणि सोडियम मेटाबायसल्फाइट हे क्षपण करणारे रसायन घालून नारिंगीचे हिरवे करावे लागते. मग चुना टाकला की हिरवट गाळ तळाशी बसतो.