हीटरवाला सेमीकंडक्टर गॅस सेन्सर

धातूच्या ऑक्साइडचा, बहुतेक वेळा टिन ऑक्साइडचा, थर हीटरने २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापता ठेवायचा आणि त्याचा रेझिस्टन्स बदलला की हवेत गॅस आलाय असं समजायचं, असा हा सेन्सर. आर्डुइनोवाल्यांचा (आर्डुइनो म्हणजे हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाले वापरतात तो छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) एमक्यू-२ हा सेन्सर याच घराण्यातला.

पहिला मान कोणाचा यावर एकमत नाही. जपानात सेयामा आणि सहकाऱ्यांचा झिंक ऑक्साइडवरचा पेपर १९६२ चा, आणि नाओयोशी तागुची यांचा टिन ऑक्साइडचा शोधही त्याच वर्षाचा धरतात. तत्त्व म्हणून बघितलं तर ब्रॅटन आणि बार्डीन यांनी १९५३ मध्येच जर्मेनियमवर भोवतालच्या वायूचा परिणाम दाखवला होता, पण घरात लावता येईल अशी वस्तू तागुचींमुळे झाली असं म्हणणं जास्त पटतं. त्यांची फिगारो कंपनी १९६९ ची.

टिन ऑक्साइड एन-टाइप, वीज वाहते ती इलेक्ट्रॉनमुळे. हवेतला ऑक्सिजन कणांच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि हे इलेक्ट्रॉन पकडून बसतो, त्यामुळे एका कणातून शेजारच्या कणात जायला इलेक्ट्रॉनला उंच उंबरठा ओलांडावा लागतो आणि रेझिस्टन्स चढलेला राहतो. एलपीजी, हायड्रोजन किंवा अल्कोहोलची वाफ आली की ती त्या ऑक्सिजनशी जळते, इलेक्ट्रॉन सुटतात, रेझिस्टन्स धाडकन पडतो. नायट्रोजन डायऑक्साइडला मात्र तो उलटा वाढतो. तापमान कमी असेल तर ही देवाणघेवाण रखडते आणि पाण्याचा थर साचतो, फारच जास्त असेल तर गॅस आत पोचायच्या आधीच वरच्यावर जळून जातो. साधारण १५० अंशांच्या वर चिकटलेला ऑक्सिजन एकेका अणूच्या आयन रूपात असतो असं पुस्तकात असतं. काही अभ्यासक त्याऐवजी स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांवर भर देतात. पहिलं चित्र समजायला सोपं, म्हणून तेच जास्त चालतं.

थरात पॅलेडियम किंवा प्लॅटिनम मिसळलं की प्रतिसाद वाढतो, तरी नेमका कुठला गॅस आहे हे एकट्या सेन्सरला नीट सांगता येत नाही. एमक्यू-७ या कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरमध्ये त्यासाठी हीटर आळीपाळीने ६० सेकंद ५ व्होल्टवर आणि ९० सेकंद १.४ व्होल्टवर चालवतात, कार्बन मोनॉक्साइड थंड टप्प्यात मोजतात. दमटपणाने आकडे सरकतात, सिलिकोनच्या (सीलंटमध्ये असतं ते) वाफेने थर कायमचा मरतो. एमक्यू-२ चा हीटर साधारण १५० मिलिअँपिअर खातो, त्यामुळे तो आर्डुइनोच्या आउटपुट पिनवर चालवायचा नाही, थेट ५ व्होल्टच्या सप्लायला जोडायचा.