‘एनएबीएल प्रमाणित तेल’ म्हणजे नेमकं काय?

काहीही नाही. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, तेल प्रमाणित करत नाही. तूप, मध, हळद, काहीच नाही. हे मंडळ मान्यता देतं ती प्रयोगशाळांना, तीही आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार. तरी लाकडी घाण्याच्या तेलाच्या जाहिरातींत हा शिक्का इतक्या सर्रास दिसतो की आता गिऱ्हाईकच विचारतं, ‘तुमचं एनएबीएल आहे का?’

प्रमाणन काय असतं ते बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. अ‍ॅगमार्क घ्या. हा शेतमालाच्या दर्जाचा सरकारी शिक्का. १९३७ च्या कायद्याखाली पॅकिंग करणाऱ्याला आधी अधिकारपत्र घ्यावं लागतं, माल तपासून प्रतवारी लावली जाते आणि सरकारी अधिकारी बाजारातूनही नमुने उचलतात. म्हणजे विकणाऱ्याच्या मागे कुणीतरी लागलेलं असतं. (एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक मान्यता आणि प्रमाणन या दोन्हींत बसत नाही. ती धंद्याची नोंदणी किंवा परवाना. ‘एफएसएसएआय अप्रूव्ड’ दिसलं की माझं डोकं फिरतं, पण तो विषय वेगळा.)

‘एनएबीएल प्रमाणित’ या शिक्क्यामागे असतो तो मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल, आणि खरी मेख त्यातच आहे. बाटली भरतो कोण? विकणारा. प्रयोगशाळेत पाठवतो कोण? तोच. प्रयोगशाळा प्रामाणिकपणे तपासते आणि खाली बारीक अक्षरांत लिहिते की नमुना ग्राहकाने (म्हणजे विकणाऱ्यानेच) दिला, मिळाला तसा तपासला, निकाल या नमुन्यापुरतेच. आंब्याच्या पेटीतला वरचा थर बघून पेटी घेण्यासारखंच हे. आणि जाहिरातीत अहवालाचा फोटो टाकताना नेमकी हीच ओळ कापलेली असते! वर चिन्ह ठळक, खाली कात्री.

दुसरी गोम म्हणजे काय तपासलं. प्रयोगशाळेची मान्यता सरसकट नसते, ठरावीक चाचण्यांपुरती असते. आणि मान्यता असलेली चाचणीही प्रश्नाला धरून हवी. ओलावा आणि आम्लता मोजली, दोन्ही छान आली. त्यावरून तेलात पाम मिसळलंय का ते कळत नाही. त्यासाठी आयोडीन मूल्य बघा (तेलातली असंपृक्त चरबी दाखवणारा आकडा, शेंगदाणा तेलाचा साधारण ८५ ते ९९), त्याहून चांगलं म्हणजे फॅटी अ‍ॅसिडची पूर्ण मांडणी (कोणतं आम्ल किती, ते). शेंगदाण्याला बुरशी लागते, मग अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे त्या बुरशीच्या विषाची, ओळ कुठे आहे? ‘भेसळमुक्त’ असं वर छापून खाली फक्त ओलाव्याचा आकडा देणाऱ्याला मी खोटारडा म्हणत नाही, पण त्याचं तेलही घेत नाही.

अहवाल दाखवूच नये असं नाही. छोट्या उत्पादकाकडे दाखवण्यासारखा तेवढा एकच कागद असतो आणि तो नीट दाखवला तर चांगलाच वजनदार ठरतो. सगळी पानं टाका, कापाकापी न करता. बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळू द्या. एनएबीएलचं चिन्ह असेल तर यूएलआर क्रमांक (प्रत्येक अहवालाचा स्वतंत्र क्रमांक) वाचता येईल असा ठेवा. ‘नमुना आम्हीच पाठवला होता’ हे स्वतःहून लिहा. ती बॅच संपली की अहवाल उतरवा. मार्चमधल्या तेलाचा कागद दिवाळीच्या डब्यांसोबत फिरवू नका. आणि ‘प्रमाणित’च्या जागी ‘तपासलेलं’ लिहा, पुढे प्रयोगशाळेचं नाव आणि तारीख.