पर्यटकांना गरवायला नेता? मग होडीचा विमा असा उतरवा

मालवण, देवबाग, तारकर्ली भागात पर्यटकांना होडीतून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, नेणं हा आता अनेक घरांचा हंगामी धंदा आहे. होडीचा विमा मात्र पुष्कळदा जुनाच असतो, निव्वळ मासेमारीच्या नौकेचा. होडीत पैसे देऊन बसलेली चार माणसं असताना अपघात झाला, तर तो कागद टिकणं फार कठीण.

कारण साधं आहे. १९६३ च्या सागरी विमा कायद्यानुसार हा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो. जोखीम वाढवणारी गोष्ट कंपनीने विचारली नाही, तरी ती आपण होऊन सांगावी लागते. त्यामुळे प्रस्ताव अर्जात ‘वापर’ या रकान्यात नुसतं ‘मासेमारी’ लिहू नका. ‘मासेमारी आणि भाड्याने पर्यटकांना गरवायला नेणे’ असं स्पष्ट लिहा, किती माणसं नेता तेही लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या.

पण तसं लिहायचं तर परवानाही तसाच हवा. मच्छीमार नौकेची नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे होते, मासेमारीचा परवानाही तिथूनच मिळतो. तेवढ्यावर प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडून होडीची तपासणी आणि प्रवासी वाहतुकीचा परवाना लागतो. आपल्या बंदरातल्या बंदर निरीक्षकाच्या कार्यालयात चौकशी करा. गोव्यात हे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स या सरकारी खात्याकडे आहे. हा परवाना नसेल तर एजंटाला भेटण्याआधी तो काढा. उलट क्रमाने गेलात तर हप्ता भरूनही हाती काही लागणार नाही.

कागदपत्रं अशी जमवा: नोंदणी प्रमाणपत्र, दोन्ही परवाने, तपासणीचा दाखला, होडी बांधल्याचं किंवा विकत घेतल्याचं बिल, इंजिनाचं बिल आणि त्यावरचा क्रमांक, आधार, पॅन, बँक पासबुक, आधीची पॉलिसी असल्यास ती. कर्ज असेल तर बँकेचं नाव पॉलिसीत येतं. होडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. लाइफ जॅकेटं, बोया, वायरलेस यांचेही काढून ठेवा. जुन्या होडीसाठी कंपनी सर्व्हेअर, म्हणजे होडीची पाहणी करणारा माणूस, पाठवते. त्याला तळाची डागडुजी कधी केली ते खरं सांगा. किंमतही खरी लावा, कारण होडी बुडाली तर पॉलिसीत लिहिलेल्या रकमेपलीकडे रुपया मिळत नाही.

आता पॉलिसीत काय पाहायचं? ‘फक्त संपूर्ण नुकसान’ अशी पॉलिसी स्वस्त पडते, पण खडकावर आपटून फळी फुटली तर दुरुस्तीचे पैसे त्यात येत नाहीत. प्रवाशाला इजा झाली तर द्यायच्या भरपाईचं कलम वेगळं असतं. गरवायला नेणाऱ्याने ते घेतलंच पाहिजे, त्याशिवाय हा विमा अर्धवट आहे. खलाशांसाठीचं संरक्षणही वेगळं मागा. बाहेरचं इंजिन कुलूप लावून ठेवलं असेल तरच चोरीची भरपाई, अशी अट असू शकते.

पावसाळ्याचं कलम मी दोनदा वाचायला सांगेन. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात. निसर्ग चक्रीवादळ आलं ते ३ जून २०२० ला, म्हणजे बंदी लागल्यावर. तौक्ते आलं ते मे २०२१ मध्ये, हंगाम संपण्याआधी. म्हणून किनाऱ्यावर ठेवलेल्या होडीलाही संरक्षण आहे का, ते लेखी विचारा.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला गट अपघात विमा आहे ना, असं पुष्कळजण म्हणतात. तो जरूर घ्या. १८ ते ७० वयाच्या मच्छीमाराचा मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख रुपये त्यात मिळतात आणि हप्ता सरकार भरतं. पण तो माणसाचा विमा आहे. त्यात होडीही येत नाही आणि होडीत बसलेला पाहुणाही येत नाही.

हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटाच्या हातात रोख देऊन समुद्रात जाऊ नका, पावती आणि पॉलिसी क्रमांक आधी घ्या.

अपघात झालाच तर आधी माणसं वाचवा, मग होडी आणखी बिघडणार नाही एवढी काळजी घ्या. त्याच दिवशी कंपनी, सागरी पोलिस ठाणं आणि बंदर कार्यालयाला कळवा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.